एक तिकीट, दोन कंपन्या : बदललेल्या वेळेचा निरोप कुणी द्यायचा?

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. इतिहासाच्या व्याख्यानात विमानाच्या तिकिटाचं काय काम? तेही माइल्सवर काढलेल्या तिकिटाचं? पण आपल्या रत्नागिरीत आता कुणाच्याही घरी डोकावा, कुणी ना कुणी दुबईला, मस्कतला, लंडनला नाहीतर न्यू जर्सीला असतंच. मुलगा-सून तिकडे, आई-बाबा इकडे, आणि तिकीट येतं तिकडून, फोनवर. "बाबा, तिकीट काढलंय. माइल्सवर मिळालं, नुसता टॅक्स भरला." इथवर सगळं छान.

आता पुढचं बघू. समजा, प्रवास जूनअखेरचा आहे आणि तिकीट आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काढलं. माइल्स एका परदेशी कंपनीचे, विमान मात्र तिच्या भारतीय पार्टनरचं. सुटायची वेळ पहाटे अडीच. आई-बाबांचा बेत ठरलेला : दुपारी रत्नागिरीहून मांडवी एक्स्प्रेस धरायची, रात्री ठाण्याला उतरायचं, टॅक्सीनं विमानतळ. फेब्रुवारीत कंपनीनं वेळ बदलली. पहाटे अडीचचं विमान आदल्या रात्री साडेआठला गेलं. म्हणजे आई-बाबा अजून गाडीत बसलेले असतील, तेव्हाच विमान सुटलेलं असेल! याचा निरोप कुणी द्यायचा? जिचे माइल्स, तिनं? की जिचं विमान, तिनं? दोघींनाही वाटतं की दुसरीनं सांगितलं असेल.

आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. तिकीट एकानं द्यायचं, न्यायचं दुसऱ्यानं, आणि मध्ये वेळ बदलली तर सांभाळायचं कुणी? विमानं आली तेव्हापासून हा प्रश्न सोबत आहे. आणि कोकणातल्या माणसाला तर तो विमानाच्याही आधीपासून ठाऊक आहे.

आगबोटीचे दिवस आठवा. ज्यांनी स्वतः पाहिले नाहीत त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले असतील. मुंबईहून निघालेली बोट बंदराला येऊन लागायची नाही, ती खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव बोटीला भिडला की शिडीवरून वर चढायचं. म्हणजे प्रवास एकच, पण नेणारे हात दोन. बोट वेळेवर आली आणि पडाव नाही, किंवा पडाव तयार आणि बोटीचा पत्ता नाही, दोन्हीकडून खोळंबा प्रवाशाचाच. आणि पावसाळा लागला की बोटी बंदच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बोटी बंद होणार हे अख्ख्या किनाऱ्याला आधीच माहीत असायचं. वेळापत्रक बदलायचं, पण ते सगळ्यांना कळून बदलायचं.

आता विमानाकडे येऊ. आपल्याकडच्या नागरी विमानसेवेचा आरंभ म्हणून १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस सांगितला जातो. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचं लहान विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तीच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण एक प्रश्न सहसा विचारत नाही : सुरुवात कराचीहूनच का?

कारण लंडनची टपाल कराचीला यायची. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनं ३० मार्च १९२९ ला लंडन-कराची सेवा सुरू केली होती. टाटांचं विमान पुढचा टप्पा जोडत होतं. लंडनमध्ये टाकलेलं पत्र एका कंपनीनं कराचीपर्यंत आणायचं, दुसरीनं मद्रासपर्यंत न्यायचं. तिकीट एकच, पत्रावर चिकटवलेलं, आणि नेणाऱ्या कंपन्या दोन. आज ज्याला आपण पार्टनर तिकीट म्हणतो त्याचा पूर्वज म्हणून आम्ही त्या पत्राकडे बघतो. इम्पीरियलचं विमान वाटेत कुठे अडकलं, तर कराचीच्या पुढचं गणितही बिघडणारच.

गंमत म्हणजे इम्पीरियलचा तो पहिला लंडन-कराची प्रवाससुद्धा सलग विमानाचा नव्हता. बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, मग समुद्रावर उतरणारं विमान, मग पुन्हा जमिनीवरचं. आपल्याकडचा मासला त्याहून ओळखीचा. जुहूची धावपट्टी समुद्राकाठची. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग टाटांचा मुक्काम पुण्याला हलायचा. पावसाळी वेळापत्रक विमानांनाही होतं, आणि तेही याच मुंबईत.

पत्राला मात्र एक सोय होती. त्याची जबाबदारी टपाल खात्यानं घेतलेली. विमान चुकलं तर पुढच्या विमानात टाकायचं काम खात्याचं. पत्राला स्वतःहून कुणाला फोन करावा लागत नव्हता. माणसाचं तसं नाही.

माणसांसाठी ही व्यवस्था उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ मध्ये हवानाला विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयाटा, स्थापन झाली. १९४७ पासून तिनं कंपन्यांचा आपसातला हिशेब मिटवायची सोय सुरू केली. एका कंपनीनं तिकीट विकायचं, दुसरीनं प्रवासी न्यायचा, आणि महिनाअखेर देणं-घेणं वळतं करून उरलेली रक्कम चुकती करायची. आपल्याकडे पेढ्यांच्या हुंड्या चालायच्या, त्याच जातीचा हा व्यवहार. हुंडी लिहिणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि मध्ये पत. पण हुंडीत जसं कोण लिहितो आणि कोण देतो हे स्पष्ट असतं, तसं तिकिटातही असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

मग माइल्स आले. १९७८ मध्ये अमेरिकेनं विमान कंपन्यांवरची भाड्याची आणि मार्गांची सरकारी बंधनं उठवली. स्पर्धा वाढली, गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी हवं होतं. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं आपली माइल्स योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडनं तिच्या पावलावर पाऊल टाकलं. जितकं उडाल तितकं खात्यात जमा, आणि पुरेसं साठलं की तिकीट फुकट. वाण्याच्या दुकानातली कुपनं आठवा, तेच तत्त्व. पण कुपन त्याच दुकानात चालतं. १४ मे १९९७ ला पाच कंपन्यांनी, एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी, स्टार अलायन्स केली. आता या दुकानाचं कुपन त्या दुकानात चालू लागलं. एअर इंडिया या गटात ११ जुलै २०१४ ला आली. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या आपल्या माणसाला तिकडच्या कंपनीच्या माइल्सवर एअर इंडियाचं तिकीट काढायची वाट खुली झाली.

इथे जोड वाढले. आणि जितके जोड वाढतात, तितक्या निरोप गळायच्या जागा वाढतात.

वेळ बदलते तरी का, हे आधी समजून घेऊ. लोकांना वाटतं, कंपनीची लहर. तसं नसतं. विमानांचं जागतिक वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं : मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. गजबजलेल्या विमानतळांवर उतरायच्या आणि सुटायच्या वेळा हंगामागणिक वाटून दिल्या जातात. आता माइल्सची तिकिटं कधी खुली होतात? प्रवासाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी. म्हणजे ज्या हंगामाचं वेळापत्रक अजून पक्कंच झालेलं नाही, त्याचं तिकीट आपण आज काढतो. पार्टनरच्या माइल्सवर मिळणाऱ्या जागा मोजक्या, त्यामुळे जाणती माणसं सगळ्यात आधी काढतात. सगळ्यात आधी काढलेलं तिकीट, म्हणून बदलाला तोंड देण्याची पाळीही त्याच्यावर सगळ्यात जास्त.

शिवाय जगात काही ना काही घडतच असतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांचे मार्ग लांबले, वेळा हलल्या. त्यांत माइल्सवाली तिकिटंही होती.

आता तिकिटाच्या पोटात शिरू. फार तांत्रिक बोलणार नाही, पण एवढं समजलं की बाकी सोपं. पार्टनर तिकिटाच्या दोन नोंदी असतात. एक माइल्सवाल्या कंपनीच्या संगणकात, दुसरी विमानवाल्या कंपनीच्या. दोन्हींचे सहा अक्षरांचे नंबर बहुधा वेगळे. वेळ बदलली की विमानवाली आपली नोंद बदलते आणि माइल्सवालीला संदेश धाडते. तो माइल्सवालीनं स्वीकारायचा आणि तिकीट नव्या वेळेप्रमाणे पुन्हा काढायचं, म्हणजे रीइश्यू करायचं. पहिलं काम बहुतेक वेळा आपोआप होतं. दुसरं राहून जाऊ शकतं. मग विमानतळावर काय होतं? जागा आपल्या नावावर दिसते, पण तिच्याशी जुळणारं तिकीट दिसत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणते, "काका, तुमचं बुकिंग आहे, तिकीट नाही." काकांना हे कळणार कसं? तिकीट तर हातात छापलेलं आहे!

दोघींत मालक कोण, हे ओळखायची खूण तिकिटावरच असते. विमानाच्या तिकिटाचा १३ आकडी नंबर असतो. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे. ०९८ म्हणजे एअर इंडिया, ०१६ म्हणजे युनायटेड, ०१४ म्हणजे एअर कॅनडा, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. विमान एअर इंडियाचं असेल पण नंबर ०१६ नं सुरू होत असेल, तर हुंडी लिहिणारी युनायटेड आहे. बदल करून मागायचा, माइल्स परत मागायचे, तर दार तिचं ठोठवायचं. विमानवालीला फोन केलात तर ती म्हणेल, जिथून तिकीट काढलं तिथे जा. यात ती टाळाटाळ करते असं नाही, तिच्या हातात ते तिकीटच नसतं.

दुकान आणि कुपन या दोन वेगळ्या गोष्टी असतात, याचा मोठा धडा आपल्याला १७ एप्रिल २०१९ ला मिळाला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या जेट एअरवेजचं शेवटचं विमान त्या दिवशी उडालं. पण जेटची माइल्स योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. विमानं थांबली, माइल्सची वही जिवंत राहिली, आणि त्याच वर्षी ती नवं नाव घेऊन चालू झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा उलटं घडलं. विमानं तीच, मार्ग तेच, पण पुढच्या तारखांच्या तिकिटांवरचे नंबर बदलले. विस्ताराच्या फेऱ्यांना एअर इंडियाचे, २ पासून सुरू होणारे चार आकडी नंबर आले. ज्यांनी आपलं तिकीट त्या दिवसांत उघडून बघितलं, त्यांना कळलं. बाकीच्यांच्या हातात जुनाच कागद.

आणि कोविड. मार्च २०२० मध्ये आपली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. दोन वर्षं! पैसे परत मिळावेत म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयानं परताव्याबद्दल निकाल दिला. पण त्या सगळ्या चर्चेची भाषा पैशाची होती. माइल्सवाल्याचं भाडं पैशात नव्हतंच. त्याला परत हवे होते माइल्स, आणि माइल्सना मुदत असते. पैसे जुने झाले म्हणून कुजत नाहीत, माइल्स कुजतात.

मग माइल्सवाल्या प्रवाशाला हक्कच नाहीत का? आहेत. युरोपीय संघाचा २००४ चा नियम, क्रमांक २६१, १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की फुकट प्रवास करणाऱ्याला हा नियम लागू नाही, पण माइल्स योजनेतून तिकीट काढलेल्याला लागू आहे. म्हणजे कायद्यानंच सांगितलं : माइल्सचं तिकीट फुकटचं नव्हे. आम्हाला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडची माणसं इथेच कच खातात. "जाऊ दे, फुकटच तर होतं." अहो, फुकट कसलं? मुलानं दहा वर्षं कामासाठी उडून आणि कार्डावर खर्च करून साठवलेलं आहे ते.

अमेरिकेनं २०२४ मध्ये नियम केला की आंतरराष्ट्रीय विमानाची वेळ सहा तास किंवा त्याहून जास्त हलली आणि प्रवाशाला नवी वेळ मान्य नसेल, तर त्याला परतावा मागता येतो. आपल्या सुरुवातीच्या गोष्टीत पहाटे अडीचचे रात्रीचे साडेआठ झाले, ते बरोबर सहा तास. आपल्याकडे नागरी विमान महासंचालनालयाचा नियम आहे : उड्डाण रद्द होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी कळवावं, आणि दुसरं विमान किंवा परतावा द्यावा. पण कळवायचं कुणाला? तिकिटाला जो फोन आणि ई-मेल जोडलेला आहे त्याला. तो असतो माइल्स ज्याच्या खात्यातून गेले त्याचा, नाहीतर कुणाचाच नाही. रत्नागिरीत बसलेल्या आई-बाबांचा क्वचितच.

आता आपल्या कोकण रेल्वेशी ताडून बघा. २६ जानेवारी १९९८ पासून ती पूर्ण लांबीनं धावते आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून अपघात झाला, ५० च्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. पावसाळ्यात गाड्या हळू चालवायच्या, रुळांवर गस्त वाढवायची, यामागे ही माणसं आहेत. वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर हे पावसाळी वेळापत्रक होतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. गाडीची वेळ बदलते म्हणून आपण कुरकुरतो, पण फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. का? तारीख जाहीर असते. पेपरात येते, स्टेशनात लागते, चहाच्या टपरीवरही कळते. बदल कुणी केला, कशासाठी केला, आणि विचारायचं कुणाला, हे तिन्ही माहीत असतं. पार्टनर तिकिटात नेमक्या याच तीन गोष्टी धूसर होतात.

आणि आपल्या गोष्टीतल्या आई-बाबांचा प्रवास जूनअखेरचा. म्हणजे विमानाची वेळ हलली आणि पावसाळी वेळापत्रकानं गाडीचीही हलली. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच मिळतं, विमानाचं जवळजवळ वर्षभर आधी. हे दोन टोकं जुळवायचं काम ना रेल्वे करते, ना कुठली विमान कंपनी. ते घरच्यांनाच करावं लागतं.

म्हणून जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी. इतिहासाच्या व्याख्यानात हे चालतं की नाही ठाऊक नाही, पण इतिहास उपयोगी पडला तर कुणाची हरकत नसावी.

पहिली : तिकीट आलं की दोन्ही कंपन्यांचे नोंदणी नंबर आणि १३ आकडी तिकीट नंबर एका कागदावर लिहून घ्या. विमानवालीच्या नोंदीत आई-बाबांचा फोन नंबर घालून घ्या.

दुसरी : महिन्यातून एकदा दोन्हीकडे उघडून बघा. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर हंगाम बदलतो, त्याच्या आधीच्या आठवड्यांत तर नक्कीच.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची : वेळ बदलल्याचा निरोप आला आणि खाली "मान्य" असं बटण असलं, तर लगेच दाबू नका. एकदा मान्य केलं की फुकट बदलून मागायची संधी सहसा जाते. आधी स्वतः शोधा, त्याच कंपनीचं त्या दिवशीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं कुठलं विमान सोयीचं आहे. मग माइल्सवाल्या कंपनीला फोन करा आणि ते नेमकं विमान सांगा. "काहीतरी करा हो" म्हणण्यापेक्षा "अमुक तारखेचं अमुक विमान द्या" म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं. तिथे माइल्सची जागा दिसत नसेल, तरी कंपनीनं केलेल्या बदलामुळे ती विमानवालीकडून मागून घेता येते का, हे विचारा. दर कंपनीचा नियम वेगळा, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही. काहीच जमलं नाही, तर माइल्स आणि भरलेला टॅक्स दोन्ही परत मागा.

चौथी : बदल झाल्यावर "तिकीट रीइश्यू झालं का?" एवढा एक प्रश्न विचारा, आणि दोन दिवसांनी विमानवालीच्या साइटवर खात्री करून घ्या. प्रवासाच्या दिवशी, विमानतळावर पोहोचल्यावर काही झालं, तर मात्र दार विमानवालीचं. तिथे माइल्सवालीचा माणूस बहुधा नसतोच.

आणि ही सगळी कामं मुलानं तिकडून करायची की बाबांनी इकडून, हे तिकीट काढतानाच ठरवा. दोन कंपन्यांत जो घोळ होतो, तोच घरातही होतो. त्याला वाटतं बाबा बघतील, बाबांना वाटतं तो बघेल.

१९३२ च्या त्या पत्राची काळजी वाहायला टपाल खातं होतं. आगबोटीच्या प्रवाशाला निदान समुद्राकडे बघून कळायचं. आजच्या प्रवाशाचा प्रवास जास्त लांबचा, जास्त सोयीचा, आणि स्वस्तही. पण बोट आणि पडाव यांच्यामधलं पाणी अजून तिथेच आहे. पाय टाकायच्या आधी खाली बघायची सवय आपल्या आजीला होती, ती आपण सोडायला नको. एवढं बोलून थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि घरी गेल्यावर एकदा तिकीट उघडून बघा.